अंग चोरणारी माणसे : अलँ रेने, बाबूराव बागूल आणि उपयोजनाचा प्रश्न

मराठी विभागांतून सादर होणाऱ्या प्रबंधांची एक ठरीव घडण आहे. आरंभीच्या प्रकरणात एखाद्या सिद्धांताचा परिचय येतो. मनोविश्लेषण, आदिबंध, संरचनावाद, अलीकडे वसाहतोत्तर किंवा पर्यावरणवादी विचार. पुढील प्रकरणांत तो सिद्धांत निवडलेल्या साहित्यकृतींना ‘लावला’ जातो आणि उपसंहारात तो नीट लागला असा निर्वाळा मिळतो. सिद्धांत अडखळला, साहित्यकृतीने त्याला दारातून परत पाठवले, असे सांगणारा प्रबंध क्वचितच हाती येतो. ‘उपयोजन’ या भारदस्त संज्ञेखाली चालणारा हा व्यवहार पुष्कळदा कुलूप-किल्लीचा असतो. किल्ली बाहेरून आणावयाची, कुलूप मराठी असले म्हणजे झाले. मानवी वर्तनाचे स्पष्टीकरण देणाऱ्या सिद्धांतांच्या बाबतीत हा धोका अधिक संभवतो. कथा, कादंबरी, नाटक यांचा विषयच माणसाचे वागणे हा असल्यामुळे, वागण्याचे कारण एकदा शास्त्राने सांगून टाकले की साहित्यकृती केवळ पुराव्यापुरती उरते.

या प्रश्नाचा विचार करण्यास एक फ्रेंच चित्रपट विशेष उपयोगी पडतो. अलँ रेने (१९२२-२०१४) यांचा ‘मों ओंक्ल दामेरिक’, म्हणजे ‘माझा अमेरिकेतला काका’, हा चित्रपट १९८० साली आला आणि त्याच वर्षी कान महोत्सवात त्याला परीक्षकांचा विशेष ग्रां प्री पुरस्कार मिळाला. पटकथा ज्याँ ग्रुओ यांची. परंतु या चित्रपटाचे वैशिष्ट्य असे की, त्यात एक शास्त्रज्ञ स्वतःच्याच नावाने वावरतो. आंरी लाबोरी (१९१४-१९९५) हे मूळचे शल्यचिकित्सक. क्लोरप्रोमाझिन हे औषध १९५०च्या दशकात मनोविकारांच्या उपचारात रूढ झाले, त्याच्या मुळाशी त्यांची निरीक्षणे होती. पुढे ते प्राण्यांच्या आणि माणसांच्या वर्तनाच्या अभ्यासाकडे वळले. चित्रपटात ते कोणतीही भूमिका करीत नाहीत. आपला सिद्धांत प्रेक्षकाला शांतपणे समजावून देतात. त्याच वेळी तीन काल्पनिक व्यक्तींची आयुष्ये शेजारून वाहत राहतात आणि पुढे एकमेकांत गुंततात.

ज्याँ ल गाल हा ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील सुखवस्तू घरातला. आजोबांच्या बेटावर बालपण घालवलेला, पुढे रेडिओच्या वृत्तविभागात वरच्या जागी पोहोचलेला आणि राजकारणाची आकांक्षा बाळगणारा. जानीन गार्निए ही साम्यवादी विचारांच्या कामगार कुटुंबातली मुलगी; घरच्यांना न जुमानता ती नाटकात शिरते आणि विवाहित ज्याँच्या प्रेमात पडते. ज्याँची पत्नी आर्लेत तिला गाठून, आपण फार दिवसांच्या सोबती नाही असे खोटेच सांगते, आणि जानीन ज्याँला सोडून देते. तिसरा रेने रागनो. (त्याचे नाव आणि दिग्दर्शकाचे आडनाव देवनागरीत एकच होत असल्याने येथे त्याला रागनो म्हटले आहे.) तो शेतकऱ्याचा मुलगा, शेती सोडून कापडगिरणीत व्यवस्थापकपदापर्यंत चढलेला. ही भूमिका जेरार देपार्दिए यांनी केली आहे. गिरण्यांचे विलीनीकरण होते, रागनोच्या कचेरीत त्याचा प्रतिस्पर्धी येऊन बसतो, आणि रागनोला घरापासून दूर शोले या गावी पाठवले जाते. पुढे तेथेही त्याचे पद डळमळते. त्याच्याशी त्याविषयी बोलावयास येणाऱ्यांत, नाटक सोडून वस्त्रव्यवसायात आलेली जानीन असते. रागनो गळफास लावून घेतो, वाचतो.

लाबोरी यांचा प्रयोग थोडक्यात असा. पिंजऱ्याचे दोन भाग, मध्ये दार. पांढरा उंदीर एका भागात ठेवला आहे. आधी इशारा होतो आणि काही क्षणांनी जमिनीतून विजेचा झटका बसतो. दार उघडे असेल तर उंदीर लवकरच शिकतो; इशारा होताच पलीकडे जातो. असे रोज झाले तरी त्याच्या प्रकृतीवर परिणाम होत नाही. दार बंद ठेवले तर मात्र त्याला काही करता येत नाही आणि तो आजारी पडतो. रक्तदाब वाढतो, वजन घटते. तिसऱ्या खेपेस दार बंदच ठेवून आत दोन उंदीर सोडले जातात. झटका बसताच ते एकमेकांवर तुटून पडतात. या भांडणाने सुटका होत नाही. तरीही दोघे निरोगी राहतात. भोग, पलायन आणि झुंज या तीन वाटा बंद झाल्या की चौथी अवस्था येते. लाबोरी तिला कृतीचा निरोध म्हणतात आणि माणसाच्या पुष्कळशा आजारांचे मूळ तेथे पाहतात. ज्याँला मुतखड्याचा त्रास होतो, रागनोच्या पोटात व्रण होतो. सिद्धांत आणि कथा यांचा सांधा इतका घट्ट बसतो की, दृष्टांतासाठी रचलेली गोष्ट असे या चित्रपटाचे वर्णन करण्याचा मोह व्हावा. तसे वर्णन पुष्कळांनी केलेही आहे.

ते वर्णन चुकीचे आहे. ते का चुकीचे आहे हे पाहणे मराठीच्या अभ्यासकालाही लाभाचे ठरेल.

चित्रपटात काही ठिकाणी आधी घडून गेलेले प्रसंग पुन्हा दाखवले जातात आणि या वेळी पात्रांच्या धडावर उंदराची डोकी असतात. कोट-टाय घातलेले दोन पांढरे उंदीर कचेरीत एकमेकांशी झोंबतात. प्रेक्षक हसतो. हे हसणे रागनोला आहे की सिद्धांताला, हे दिग्दर्शक सांगत नाही. सिद्धांत अक्षरशः पडद्यावर उतरवला की तो किती तोकडा दिसतो, हे त्याने एकही विरोधी वाक्य न लिहिता दाखवले आहे. दुसरे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. तिन्ही पात्रांना आपापला एक नटदेव आहे: रागनोला ज्याँ गाबँ, जानीनला ज्याँ मारे, ज्याँला दानिएल दारिए. एखाद्या निर्णायक क्षणी पात्राच्या हालचालीला जोडून त्या नटाच्या जुन्या कृष्णधवल चित्रपटातील तुकडा येतो. रागनो संतापतो आणि गाबँ वळून पाहतो. माणूस आपल्या वागण्यात दुसऱ्यांनी भरलेला असतो, हे लाबोरींचेच म्हणणे. पण लाबोरींच्या वाक्यात ते विधान असते, आणि येथे ती एकाच वेळी थट्टा, करुणा आणि आठवण असते. उंदराला गाबँ नसतो.

आणखी एक गोष्ट काळाने घडवून आणली. चित्रपटात लाबोरी मेंदूचे तीन थर समजावून सांगतात: सर्वांत जुना सरपटणाऱ्या प्राण्यांचा, त्यावर स्मृती आणि भावना सांभाळणारा, त्यावर कल्पना करणारा. त्या काळी ही मांडणी बरीच प्रचलित होती. आजचे मेंदूविज्ञान ती मान्य करीत नाही. मेंदूची उत्क्रांती अशी मजल्यावर मजला चढवीत झाली नाही, असे आता मानले जाते. म्हणजे दृष्टांत ज्याच्यासाठी होता तो सिद्धांत काही अंशी कालबाह्य झाला. चित्रपट मात्र तसाच उभा आहे. आर्लेतच्या खोट्याने जानीनच्या चेहऱ्यावर जे घडते ते पाहण्यासाठी त्या तीन थरांची गरज १९८० सालीही नव्हती. सिद्धांत आणि कथा शेजारी ठेवल्या गेल्या होत्या. एक दुसरीच्या डोक्यावर बसवलेली नव्हती. शेजार असल्यामुळेच कथा वाचली.

मराठी भाषकाला तर लाबोरींचा ‘कृतिनिरोध’ ऐकून फारसे नवल वाटू नये. आपल्या बोलण्यात तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. राग आपण गिळतो, अपमान पोटात ठेवतो, मन मारतो, आणि ज्याच्यापुढे काही करता येत नाही त्याच्यापुढे अंग चोरून बसतो. रागनोचा व्रण आणि ‘पोटात ठेवणे’ हा वाक्प्रचार यांच्यामध्ये फार अंतर नाही. ‘अंग चोरणे’ या प्रयोगाकडे मात्र थोडे थांबून पाहिले पाहिजे. चोरी परक्या वस्तूची करावयाची असते. येथे वस्तू आपलीच, शरीर आपलेच, आणि तेच आपण चोरतो. ते इतरांच्या नजरेला पडू नये म्हणून आकसून घेतो. ‘नजर चोरणे’ हेही तसेच. ज्या समाजात कुणाचे अंग कुठे असावे, कुणाची सावली कुठवर पडावी याचे नियम होते, त्या समाजाच्या भाषेत ‘चोरणे’ या क्रियापदाला हा अर्थ फुटावा, हे अर्थपूर्ण आहे.

या वाक्प्रचाराच्या घडणीत एक शब्द बदलून मराठीतील एक महत्त्वाचे शीर्षक तयार झाले आहे. बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. बागूल (१९३०-२००८) हे नाशिकचे. जन्म नाशिकजवळच्या विहितगावचा, अखेरही नाशिकलाच. शहरातील गंगापूर रोडचा विचार केला तर या विषयाचे बहुतेक धागे त्या एका रस्त्याच्या आसपास सापडतात. केटीएचएम महाविद्यालय त्याच रस्त्यावर आहे. कुसुमाग्रज स्मारक त्याच रस्त्याला आहे. आनंदवल्ली, सोमेश्वर ओलांडून तो धरणाच्या दिशेने जाऊ लागला की गोवर्धन शिवारात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ लागते, ज्याने कथालेखनासाठी बागुलांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. एकेकाळी जेथे शेते आणि मळे होते तेथे आता सदनिकांच्या रांगा उभ्या आहेत, आणि त्यांतील बऱ्याच घरांना अमेरिकेतला काका केवळ शीर्षकात भेटत नाही. तो दर दोन वर्षांनी डिसेंबरात उतरतो. रेनेच्या चित्रपटातील काका कधीच येत नाही. कुठून तरी अचानक येणाऱ्या सुदैवाला फ्रेंच लोक त्या नावाने ओळखतात, एवढाच त्याचा अर्थ. असो. मुद्दा असा की या रस्त्यावर मराठीचे पदव्युत्तर अध्यापन करणाऱ्याला रेनेचा चित्रपट बागुलांच्या कथेशेजारी ठेवून पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही.

संग्रहाच्या शीर्षककथेचा निवेदक रेल्वेत नोकरीला लागून गुजरातेत, सुरतेच्या बाजूला जातो. तेथे राहावयास जागा हवी, माणसांत वावरावयाचे, म्हणून तो आपली जात सांगत नाही. शिकलेला, कविमनाचा तरुण म्हणून लोक त्याला मान देतात. तिवारी नावाचा सहकारी तर त्याला आदराने घरी नेतो. त्याच ठिकाणी काशिनाथ हा मुंबईहून आलेला दुसरा दलित तरुण आहे. तो जात लपवीत नाही. उलट ती समोरच्याच्या अंगावर फेकतो आणि जो अडवील त्याच्याशी भिडावयास तयार असतो. पुढे निवेदकाची जात उघडकीस येते आणि ज्यांनी त्याला जवळ केले तेच त्याला मारतात. काशिनाथ त्याला सोडवतो.

आता लाबोरींचा तक्ता या कथेवर ठेवून पाहावा. निवेदक पलायन करतो. पलायनाची वाट आक्रसत जाते तसा तो कृतिनिरोधाच्या अवस्थेत शिरतो. प्रत्येक घास, प्रत्येक प्रश्न त्याला इशाऱ्यासारखा भासतो, कारण त्यानंतर झटका बसणार हे त्याला ठाऊक आहे. काशिनाथ झुंजतो. पिंजरा, इशारा, झटका, बंद दार, सारे जागच्या जागी. एखाद्या चर्चासत्रात हा निबंध सहज वाचला जाईल आणि टाळ्याही मिळतील. नेमकी येथेच सावधगिरी हवी. सिद्धांत इतका बिनतक्रार लागला याचाच अर्थ कथेतले काहीतरी वाचावयाचे राहिले.

काय राहिले? मार खाल्लेला निवेदक शेवटी काशिनाथला जे सांगतो ते राहिले. मारणारे हात ज्यांचे होते त्यांची नावे तो घेत नाही. आपल्याला मारणारा मनू होता, असे तो सांगतो. प्रयोगातला उंदीर आपल्यासमोरच्या उंदरावर तुटून पडतो, कारण झटका कुठून येतो हे त्याला कळत नाही. बागुलांचा निवेदक, अंग ठेचलेले असताना, झटका कुठून येतो ते ओळखतो. समोरच्या माणसांना तो क्षमा करतो असेही नव्हे. तो त्यांच्याकडे त्यांच्या मागचा ग्रंथ पाहू शकतो, इतकेच. ही कृती आहे की कृतीचा निरोध? पलायन की झुंज? चारांपैकी एकाही रकान्यात ती बसत नाही. एवढेच नव्हे, तर चोरणे या क्रियापदाचा अर्थ तेथे उलटतो. जात चोरली म्हणून मार बसला हे मारणाऱ्यांचे म्हणणे. कथा वाचून संपते तेव्हा चोरीचा माल मुळात कुणी कुणाच्या गळ्यात बांधला होता, हा प्रश्न उरतो.

येथे लाबोरींच्या प्रयोगातील एका गोष्टीकडे लक्ष जाते, जी प्रयोगाविषयी बोलताना सहसा दुर्लक्षित राहते: दार. दार कुणी बंद केले? प्रयोगशाळेत उत्तर सोपे आहे, प्रयोगकर्त्याने. समाजात प्रयोगकर्ता बाहेर उभा नसतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या, भारतातील जातींविषयीच्या निबंधात जातिव्यवस्थेच्या उगमाची चर्चा करताना दाराचीच प्रतिमा वापरली आहे. काहींनी दार आतून लावून घेतले. इतरांना ते आपल्यासाठी बंद झालेले आढळले, असा त्यांचा आशय. विशेष म्हणजे एका वर्गाने केलेले इतरांनी का केले हे सांगण्यासाठी त्यांनी गाब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतला. उपयोजन म्हणतात ते हेच. फरक असा की, येथे तार्दचा नियम उत्तर म्हणून आलेला नाही. आधी जातीची व्याख्या, मग अंतर्विवाहाचा प्रश्न, मग विधवा आणि विधुर यांच्या ‘अतिरिक्त’ होण्याचा हिशेब, आणि हे सारे भारतीय सामग्रीतून मांडून झाल्यावर, उरलेल्या एका गाठीपुरता तार्द बोलावला जातो. काम झाले की तो बाजूला होतो. पंचविशीतील एका विद्यार्थ्याचा हा निबंध मराठी विभागांतील संशोधनपद्धतीच्या तासाला नेमावयास हरकत नसावी.

दार ही प्रतिमा नाशिककरांना नवी नाही. गंगापूर रोड गोदावरीच्या ज्या तीराला आहे त्याच्या समोरच्या तीरावर, पंचवटीत, २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले होते. भाऊराव गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली तो लढा पुढे काही वर्षे चालला. बागूल त्याच वर्षी जन्मले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. लाबोरींच्या परिभाषेत १९३० ही झुंज आणि १९३५ हे पलायन म्हणावे लागेल. आणि लाबोरींना त्यात काही कमीपणा वाटला नसता, कारण १९७६ सालच्या एका पुस्तकात त्यांनी पलायनाची प्रशस्तीच केली आहे. तरीही ‘पलायन’ या शब्दाने येवल्याचे वर्णन होऊ शकत नाही. उंदीर उघड्या दारातून पलीकडे जातो. येवल्यात जे घडले ते बंद दारासमोरून पाठ फिरवून, जेथे दार नव्हते तेथे भिंतीत दार पाडणे होते, आणि तेही लक्षावधी माणसांसाठी. १९५६पर्यंतची एकवीस वर्षे त्या दाराच्या मोजमापात गेली.

वर्तनाच्या जीवशास्त्रीय स्पष्टीकरणाचा एक दुसरा धोकाही येथे नोंदवला पाहिजे, कारण वर्गात तो हमखास उद्भवतो. वर्चस्व प्राण्यांत असते, मग माणसांत असणारच, मग जातही नैसर्गिकच, अशी घसरण एखादा हुशार विद्यार्थी तीन वाक्यांत करून दाखवतो. लाबोरींचे म्हणणे याच्या उलट आहे. मालकीची उपजत प्रेरणा नाही, वर्चस्वाचीही नाही. जे आहे ते मज्जासंस्थेला शिकवले गेलेले आहे, आणि आजवर ते दुसऱ्यावर सत्ता गाजवण्यासाठीच वापरले गेले, असे ते चित्रपटाच्या अखेरीस बजावतात. त्यांच्या भाषणानंतर कॅमेरा न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील पडझड झालेल्या वस्तीतून फिरत एका भिंतीशी येतो. त्या भिंतीवर जंगल रंगवलेले आहे. कॅमेरा जवळ जवळ जातो तसे झाड जाते, फांदी जाते, पाने जातात; शेवटी विटा आणि त्यांवरचे रंगाचे डाग एवढेच उरतात. अमेरिकेतल्या काकाचा पत्ता हाच. शास्त्राने जवळून पाहिल्यावर माणसाचे हेच होते, असा त्याचा एक अर्थ. दूर राहून पाहिल्याशिवाय जंगल दिसत नाही, हा दुसरा. दिग्दर्शकाने दोन्ही ठेवले आहेत.

फ्रेंच चित्रपटाचे मराठी विभागात काय काम, असा आक्षेप देशीवादी भूमिकेवरून घेतला जाईल. आक्षेप ऐकून घेण्याजोगा आहे, पण त्याचा रोख चुकतो. परक्या कृतीला देशी कृतीचा निकष म्हणून बसवले तर तो योग्य ठरेल. येथे उलट बागुलांच्या कथेने लाबोरींच्या पिंजऱ्याला प्रश्न विचारला आहे. शिवाय चित्रपट हे माध्यम नाशिकला परके कधी नव्हते. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) नंतर आपला निर्मितीचा पसारा नाशिकलाच आणला होता. मनोविश्लेषणाचा प्रभाव पचवलेले लेखनही या शहराने पाहिले आहे. वसंत कानेटकर येथे शिकवीत असतानाच त्यांचे ‘वेड्याचं घर उन्हात’ (१९५७) रंगभूमीवर आले. त्या नाटकाविषयीच्या अभ्यासात फ्रॉइड जितका आढळतो तितके नाटक आढळत नाही, ही तक्रार जुनीच आहे.

अनेक आयुष्ये एकत्र गुंफून माणसाचे वागणे तपासण्याचे प्रयत्न अलीकडच्या मराठी चित्रपटांतही झाले. सचिन कुंडलकर यांच्या ‘गंध’ (२००९) मध्ये तीन स्वतंत्र कथांना वासाचे सूत्र जोडते. उमेश कुलकर्णी यांच्या ‘हायवे’ (२०१५) मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग अनेक गाड्यांतील परस्परांना अपरिचित माणसांना एका प्रवासात आणतो. दोन्हींत जोडणारी गोष्ट इंद्रियगोचर आहे. वास किंवा रस्ता. रेनेने जोडणीसाठी स्पष्टीकरणच निवडले, म्हणून त्याला स्पष्टीकरणाची परीक्षाही घेता आली. त्या दृष्टीने त्याला जवळचे मराठी लेखन पडद्यापेक्षा कादंबरीत सापडेल. श्याम मनोहर यांच्या ‘कळ’ (१९९६) किंवा ‘खूप लोक आहेत’ (२००२) मधील माणसे आपल्या आणि शेजाऱ्याच्या वागण्याचे कुतूहल करतात, त्यावर सिद्धांत बांधावयास जातात, आणि तो बांधता बांधता घरातले काहीतरी सांडते. तेथे लाबोरी बाहेरून आणावा लागत नाही. प्रत्येक पात्र थोडाफार लाबोरी असतो. हा स्वतंत्र निबंधाचा विषय आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने एक साधी सूचना करता येईल. कथा आधी वाचावी, चित्रपट नंतर पाहावा आणि लाबोरी सर्वांत शेवटी समजावून सांगावेत. प्रचलित क्रम याच्या नेमका उलट असतो. क्रम बदलला की विद्यार्थी सिद्धांताकडे कथेच्या बाजूने उभा राहून पाहतो, आणि मग त्याला असे प्रश्न सुचतात जे तयार टिपणांत नसतात. उदाहरणार्थ, काशिनाथचा प्रश्न. शीर्षकातच ‘मी’ असल्यामुळे चर्चा निवेदकाभोवती फिरते आणि काशिनाथची बोळवण ‘विद्रोही’ या एका विशेषणावर होते. प्रयोग सांगतो की झुंजणारा उंदीर निरोगी राहतो. ज्याला चार माणसांत उभे राहण्यासाठी रोज सकाळी युद्धाच्या तयारीने उठावे लागते, ज्याच्या झुंजीला सुटी नाही, आणि ज्याला आपल्याच माणसाने आपल्याशेजारी अंग चोरलेले पाहावे लागते, तो काशिनाथ निरोगी आहे काय? कथेत याचे उत्तर आहे. मात्र ते शोधण्यासाठी निवेदकावरील नजर काढून काही काळ काशिनाथच्या रागाचीच संगती लावीत कथा पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागते.